घरात फोन एक, वापरणारे चौघे: मुलांच्या इंटरनेटची व्यवस्था कशी लावावी

मुलांच्या हाती इंटरनेट द्यावे की देऊ नये, हा प्रश्न आता बहुतेक घरांत उरलेला नाही. शाळेचा गृहपाठ पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पीडीएफच्या रूपाने येतो, शिष्यवृत्ती परीक्षेच्या सराव चाचण्यांचे दुवे तिथेच येतात, आणि आईचा फोन संध्याकाळी सातनंतर न सांगता मुलाचा होतो. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वर्षे वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीआधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली सुमारे ७६ टक्के. त्याच अहवालातला आणखी एक आकडा पालकांनी लक्षात घ्यावा असा आहे: समाजमाध्यमे वापरणाऱ्या या मुलांपैकी आपले प्रोफाइल खासगी कसे करावे, हे केवळ ५५ टक्के मुलांना ठाऊक होते. वापर पुढे गेला आहे आणि जाण मागे राहिली आहे, ती अशी.

मुलांच्या सुरक्षिततेविषयी जे लिहिले जाते, त्यात मुलाकडे स्वतःचा टॅब आहे असे बहुधा गृहीत धरलेले असते. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत मात्र एक-दोन फोन सगळ्यांत फिरतात. त्याच फोनवर बँक असते, ऑफिसचे संदेश असतात, आजीचे भजन असते आणि धाकट्याचे कार्टूनही असते. ही मार्गदर्शिका अशा घरांसाठी आहे. तिच्यातल्या सूचना फोनच्या सेटिंगपासून सुरू होतात, परंतु माझ्या मते त्या सगळ्यांपेक्षा वरची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे काही विपरीत घडले तर मुलाने ते त्याच दिवशी घरात येऊन सांगावे. एखाद्या सेटिंगमुळे किंवा शिक्षेमुळे मूल लपवायला शिकणार असेल, तर ती तांत्रिकदृष्ट्या कितीही पक्की असली तरी टाळलेली बरी.

आधी मोठ्यांचा फोन आवरावा

सामायिक फोनवर मुलाला इंटरनेटइतकाच घरातल्या पैशाचा रस्ताही मोकळा होतो. म्हणून पहिले काम मुलाशी बोलण्याचे नसून फोन आवरण्याचे आहे. स्क्रीनच्या काचेवर बोटांचा तेलकट माग राहतो आणि पॅटर्नची रेघ सहा वर्षांच्या मुलालाही त्यावरून ओळखता येते; तेव्हा पॅटर्नऐवजी सहा आकडी पिन ठेवावा. हा पिन आणि यूपीआयचा पिन एकच नसावा. दुकानात उभे राहून “बाळा, तूच टाक रे पिन” असे सांगण्याची सवय घरोघरी असते. ती सोडावी, कारण एकदा कळलेला पिन मूल विसरत नाही.

यूपीआय लाइट ही सोय अनेकांच्या फोनवर सुरू असते आणि तिच्यात पिन विचारलाच जात नाही. एका वेळी १,००० रुपयांपर्यंतची रक्कम अशी जाऊ शकते आणि या लाइट खात्यात ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते. मुलांच्या हातात जाणाऱ्या फोनवर ती बंद करावी, निदान शिल्लक शे-दोनशेच्या वर ठेवू नये. पैशांच्या व बँकेच्या ॲपना फोनमधील ‘ॲप लॉक’ लावावे. त्यानंतर प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टिचकी द्यावी, सेटिंग्जमध्ये खरेदीच्या पडताळणीचा पर्याय शोधावा आणि ‘प्रत्येक खरेदीच्या वेळी’ हा पर्याय निवडावा. तिथेच पालक नियंत्रणाचा भाग आहे. त्याला वेगळा पिन देऊन कोणत्या वयासाठीची ॲप दिसावीत हे ठरवता येते. मेनूंची नावे फोनच्या कंपनीनुसार थोडी बदलतात, म्हणून नाव जुळले नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत तोच शब्द टाकून पाहावा.

व्हॉट्सॲपमध्येही थोडे काम आहे. गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये आपल्याला गटात कोण जोडू शकेल, हे ‘माझे संपर्क’ एवढ्यापुरते करावे, अनोळखी कॉलचा आवाज बंद करावा आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन लावावा. ‘जोडलेली उपकरणे’ हे पान अधूनमधून उघडून पाहिलेले चांगले. आईचे व्हॉट्सॲप घरातल्या लॅपटॉपवर महिनोन् महिने उघडे राहिल्याचे तिथे कळते.

मुलाला एखादी विशिष्ट गोष्ट पाहायला फोन द्यायचा असेल, तर अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करण्याची, म्हणजे फोन एकाच ॲपवर अडकवून ठेवण्याची सोय आहे, पूर्वी तिला स्क्रीन पिनिंग म्हणत. सुरक्षेच्या सेटिंगमधून ती सुरू करावी, ‘पिन काढण्यापूर्वी लॉक विचारा’ हा पर्यायही चालू ठेवावा, मग हवे ते ॲप उघडून अलीकडील ॲपच्या यादीत त्याच्या चिन्हावर टिचकी देऊन ‘पिन’ निवडावे. मूल त्या ॲपच्या बाहेर पडू शकत नाही. आयफोनमध्ये हेच काम ‘गाइडेड ॲक्सेस’ करते. पाहुणे आले, गप्पा चालल्या आहेत आणि धाकटा फोनसाठी हटून बसला आहे, अशा वेळी एवढे पुरते.

दहा वर्षांपर्यंत

दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये, दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा पडद्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा दोन तासांच्या आत असावा, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनाही लहानग्यांच्या बाबतीत जवळपास हेच सांगतात. दूरचा मामा किंवा परदेशातली आजी यांच्याशी केलेला व्हिडिओ कॉल सहसा या हिशेबात धरत नाहीत. या वयात सर्वांत चिवट सवय असते ती जेवताना व्हिडिओ लावण्याची. पोट भरले आहे की नाही, याकडे मुलाचे लक्षच राहत नाही आणि भरवणाऱ्याला घास मोजत बसावे लागते. ही सवय एकदम तोडता येत नसेल तर एक वेळचे जेवण पडद्याविना, मग दुसऱ्या वेळचे, असे करत जावे. पहिले काही दिवस मूल कमी जेवेल, हे घरातल्या सर्वांनी, विशेषतः आजी-आजोबांनी, आधीच मान्य केलेले असावे.

यूट्यूबबद्दल जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण लहान मुलांचे इंटरनेट म्हणजे बव्हंशी यूट्यूबच. आईच्या खात्यावर मूल व्हिडिओ पाहते तेव्हा आईच्या पाककृती, वडिलांच्या राजकीय चर्चा आणि मुलाची कार्टून यांची एकच खिचडी होते आणि त्या खिचडीतून पुढच्या शिफारशी शिजतात. मुलाने पतंग कसा बनवावा हे शोधले, की पहिला व्हिडिओ पतंगाचा येतो, दुसरा मांजा कसा घोटावा याचा, तिसरा मांजाने झालेल्या अपघाताचा, आणि तिथून बोट शॉर्ट्सवर, म्हणजे यूट्यूबच्या छोट्या उभ्या व्हिडिओंवर, गेले की पुढे काय येईल याचा नेम नसतो. मुलाने काही वाईट शोधले, असे यात कुठेच झालेले नसते. शॉर्ट्समध्ये तर शोधण्याची क्रियाच संपते. अंगठा वर सरकवला की पुढचे हजर.

यावर दोन उपाय आहेत. आठ-नऊ वर्षांपर्यंत ‘यूट्यूब किड्स’ हे स्वतंत्र ॲप वापरावे. त्यात चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे तीन स्तर आहेत, शोध बंद करता येतो, ठरावीक मिनिटांनी ॲप थांबेल असा टायमर लावता येतो आणि ‘फक्त मी मंजूर केलेले’ असा पर्याय निवडला तर पालकांनी निवडलेलीच चॅनले दिसतात. त्याच्या पालक विभागात जाण्यासाठी ते एक गुणाकार विचारते. आपल्याकडची तिसरीतली मुले पाढे पाठ करत असतात, त्यामुळे हे कुलूप त्यांच्यासाठी फारसे कुलूप राहत नाही. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचा पासकोड ठरवावा. मूळ यूट्यूबच वापरायचे असेल, तर आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करावी, पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास एकदा पूर्ण पुसून नव्याने सुरुवात करावी आणि नको असलेल्या व्हिडिओशेजारच्या तीन ठिपक्यांवर टिचकी देऊन ‘या चॅनलची शिफारस करू नका’ हे निवडावे. हे तिसरे काम मुलालाच करायला लावावे. स्वतःच्या हाताने नको ते बाजूला सारण्याची सवय लागली, तर ती पुढे इन्स्टाग्रामवरही उपयोगी पडते.

घरात वायफाय असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळे शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता १.१.१.३ असा दिल्यास अश्लील आणि घातक संकेतस्थळे बरीचशी आपोआप अडतात. मोबाईल डेटावर मात्र त्याचा काही परिणाम होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

जुना फोन मुलाला देताना

वडिलांनी नवा फोन घेतला की जुना मुलाकडे जातो, आणि तो बहुधा आहे तसाच जातो: वडिलांचे गूगल खाते, साठवलेले कार्ड, जुन्या फोटोंचा ढीग, सगळ्यासकट. असे करू नये. फोन पूर्णपणे रिसेट करावा, मुलाच्या खऱ्या जन्मतारखेने त्याचे स्वतंत्र खाते काढावे आणि गूगलच्या ‘फॅमिली लिंक’ने ते आपल्या खात्याशी जोडावे. त्यानंतर कोणतेही नवे ॲप घेण्यापूर्वी आपल्या फोनवर परवानगीची विचारणा येते, दिवसाची मर्यादा ठरवता येते आणि रात्री अमुक वाजता फोन बंद होईल अशी वेळ लावता येते. फॅमिली लिंकचा खरा उपयोग पालकाचा आणि मुलाचा फोन वेगळा असतो तेव्हाच होतो. एकाच सामायिक फोनवर वर सांगितलेले उपायच करावे लागतात. आयफोन असल्यास ‘स्क्रीन टाइम’ आणि कुटुंब गटाची सोय साधारण हेच काम करते.

सुरुवातीचे वर्षभर त्या फोनमध्ये सिमकार्ड नसलेले बरे. घरच्या वायफायवर किंवा आईच्या हॉटस्पॉटवर तो चालतो आणि इंटरनेट कधी सुरू आहे हे घरातल्या मोठ्यांना आपोआप कळते. सिम दिल्यावर एक वेगळीच गोष्ट घडते. आपल्याकडच्या रोज दीड-दोन जीबीच्या रिचार्जमध्ये मध्यरात्री बारानंतर डेटा नव्याने मिळतो, आणि ज्यांचा दिवसाचा डेटा दहालाच संपलेला असतो ती मुले बाराची वाट पाहत जागी राहतात. सकाळी उठत नाही म्हणून मुलाला रागावण्याआधी त्याचा रिचार्ज कोणता आहे, ते पाहावे.

फोनवर पाळत ठेवणारी, मुलाचे प्रत्येक चॅट पालकांना चोरून दाखवणारी ॲपही मिळतात. ती घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाला ठाऊक असलेली मर्यादा ते कुरकुरत का होईना पाळते. चॅट चोरून वाचल्याचे उघडकीस आले की मूल मित्राच्या फोनवरून दुसरे खाते उघडते आणि त्या खात्याचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

खेळ आणि पैसा

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत, त्यामुळे रमी किंवा पैशांच्या लुडोची जाहिरात अजूनही दिसली तर ती बेकायदा समजावी आणि मुलाला तसे सांगावे. फ्री फायर मॅक्स, बीजीएमआय, रोब्लॉक्स यांसारखे खेळ मात्र वेगळ्या प्रकारचे आहेत. ते फुकट असतात. पैसे जातात ते डायमंड, यूसी, रोबक्स अशा खेळातल्या चलनासाठी. बंदुकीला नवा रंग आणि पात्राला नवे कपडे याशिवाय त्यातून फारसे काही मिळत नाही, असे मोठ्यांना वाटते. मुलाच्या वर्गात मात्र साध्या कपड्यांतल्या पात्राला नावे ठेवली जातात, हे समजून घेतल्याशिवाय या विषयावर बोलणे सुरू करू नये. वाढदिवसाला किंवा दिवाळीला ठरावीक रकमेचे गिफ्ट कार्ड देणे हा मधला मार्ग आहे: रक्कम ठरलेली असते, खात्याला हात लागत नाही आणि पैसे संपले की संपले, हेही मुलाला कळते.

पैशापेक्षा अधिक लक्ष खेळातल्या गप्पांकडे द्यावे. अनोळखी माणूस संघात येतो, चांगला खेळतो, मुलाची स्तुती करतो, एखादे दिवशी त्याला डायमंड भेट देतो आणि मग म्हणतो, “इथे नको, टेलिग्रामवर बोलू.” खेळातून खासगी चॅटवर नेणारा, वय आणि शाळा विचारणारा, भेटवस्तू देणारा आणि ‘घरी सांगू नकोस’ म्हणणारा माणूस, या चारही खुणा मुलाला नावानिशी सांगून ठेवाव्यात. चौथी खूण दिसली की बाकीच्या तीन तपासायचीही गरज नाही. शक्य असेल त्या खेळात आवाजाच्या गप्पा फक्त मित्रांपुरत्या ठेवाव्यात, आणि खेळताना इअरफोन नको, स्पीकर चालू, हा नियम दिवाणखान्यात सहज पाळता येतो.

खेळाची आवड आणि व्यसन यांत फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात खेळांशी संबंधित विकाराची नोंद आहे, परंतु त्यासाठी खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळे मागे पडणे आणि नुकसान दिसूनही खेळणे चालूच राहणे, असे साधारण १२ महिने घडलेले असावे लागते. सुट्टीत चार तास खेळणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. शाळा बुडवून, जेवण टाळून, फोन काढताच वस्तू फेकून मारणारा मुलगा असेल, तर वर्षभर थांबू नये आणि बालमानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत या प्रश्नासाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचार केंद्र आहे.

तेरा वर्षांनंतर

इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट आणि व्हॉट्सॲप यांची किमान वयोमर्यादा १३ आहे. मुले जन्मवर्ष दोन-चार वर्षे मागे टाकून खाते उघडतात आणि बऱ्याचदा आई-वडीलच त्यांना मदत करतात. यात तोटा आपलाच आहे. फेब्रुवारी २०२५ पासून भारतात इन्स्टाग्रामने १८ वर्षांखालील मुलांना ‘टीन अकाउंट’ दिले आहे: ते आपोआप खासगी असते, ज्यांच्याशी आधीच जोडलेले आहोत त्यांचेच संदेश येतात, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात आणि १६ वर्षांखालील मुलाला या अटी सैल करायच्या असतील तर पालकांची परवानगी लागते. जन्मवर्ष खोटे असले की हे सगळे संरक्षण नाहीसे होते. आधी खोटे वर्ष टाकलेले असेल तर मुलासोबत बसून ते दुरुस्त करावे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूलच मानतो आणि त्याची माहिती घेण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

फोटोंच्या बाबतीत मुलांआधी पालकांना सांगण्याची वेळ येते. गणवेशातला, छातीवर शाळेचे ओळखपत्र लटकलेला फोटो ‘पहिला दिवस’ म्हणून आपणच टाकतो. दहावीच्या निकालासाठी आसन क्रमांक आणि आईचे नाव एवढेच लागते. तेव्हा प्रवेशपत्राचा फोटो स्टेटसवर ठेवला की ओळखीपाळखीच्या कुणालाही मुलाचा निकाल त्याच्याआधी पाहता येतो. मुलाचे चित्र टाकण्यापूर्वी त्याला विचारावे. आठ वर्षांचे मूलही “नको” म्हणते, आणि ते ऐकले गेले की दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नसतो, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

चॅटबॉटकडून निबंध लिहून घेणे आता सातवी-आठवीतच सुरू होते. त्यावर बंदी घालून फारसे साधत नाही. त्याने दिलेल्या उत्तरातले एक नाव किंवा एक साल पुस्तकात किंवा मराठी विश्वकोशात तपासून आणायला सांगावे. चार-सहा वेळा चूक सापडली की मूल स्वतःच सावध होते.

वेळ कशी ठरवावी

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. त्याच सुमारास यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदीच करण्याचा ठराव केला. घरात अनुकरण करायचे असेल तर मी वडगावची पद्धत निवडेन, कारण त्या दीड तासात मोठ्यांचाही फोन बंद असतो. वडील सोफ्यावर रील पाहत बसलेले आणि मुलगा समोर भूगोल वाचत असलेला, ही व्यवस्था आठवडाभरही टिकत नाही.

घरचा नियम थोडक्यात आणि लिहून ठेवलेला असावा: जेवताना फोन नाही, ठरलेल्या दीड तासात कोणाचाच नाही, आणि रात्री दहानंतर सगळे फोन स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळच्या एकाच चार्जरपट्टीवर. गजर लावायला फोन हवा अशी सबब पुढे येईल. त्यासाठी साधे गजराचे घड्याळ आणावे. परीक्षेच्या काळात नियम कडक आणि सुट्टीत सैल केला तरी चालेल, पण तो कधी बदलणार, हे मुलाला आधी सांगावे.

वेळ काढून घेतली तर त्या जागी काही द्यावेही लागते, आणि मराठीत ते पुष्कळ आहे. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर लहान मुलांच्या सचित्र मराठी गोष्टी वाचता येतात आणि उतरवूनही घेता येतात. पुण्याच्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्याचे व्हिडिओ आणि कितीतरी मराठी पुस्तके आहेत. व्हिडिओ पाहून मूल स्ट्रॉ, चुंबक आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा शोधत घरभर फिरू लागते, तेव्हा फोन आपोआप बाजूला पडतो. थोड्या मोठ्या मुलांना मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचे पान उघडून दाखवावे. त्यात भर घालता येते, हे कळल्यावर काहींना त्याचीच गोडी लागते.

काही विपरीत घडले तर

पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक लगेच लावावा आणि त्याबरोबर बँकेलाही कळवावे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात वेगाने पुढे जाते आणि वाटेत ती गोठवता यावी यासाठी पहिले काही तास मोलाचे असतात. मुलाला ओरडण्यात त्यातला अर्धा तास घालवू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणीच्या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. मुलांच्या लैंगिक शोषणाशी संबंधित मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही नोंदवता येते.

त्याहून अवघड प्रसंग असतो धमकीचा. मुलीने किंवा मुलाने कुणावर तरी विश्वास ठेवून फोटो पाठवला, अथवा साध्या फोटोवरून कुणी बनावट चित्र तयार केले, आणि आता पैसे दे, आणखी फोटो दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो, असे संदेश येत आहेत. धमकी देणाऱ्याची सारी मदार एका गोष्टीवर असते: मूल घरी सांगणार नाही. आई-बाबा फोन काढून घेतील, शाळा बंद करतील, मारतील, ही भीती त्याच्या कामी येते. म्हणून हे वाक्य प्रसंग येण्याच्या पुष्कळ आधी, साध्या दिवशी, मुलाला सांगून ठेवावे: “काहीही झाले, तुझी चूक असली तरी मला सांग; मी फोन काढून घेणार नाही.” आणि तसे घडले तर शब्द पाळावा.

मुलाने सांगितल्यावर पैसे देऊ नयेत. दिले की मागणी वाढते. धमकी देणाऱ्याशी भांडू नये, उत्तर देणे थांबवावे. चॅट, फोन क्रमांक, प्रोफाइलचे नाव आणि त्याचा दुवा यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि त्यानंतरच त्याला ब्लॉक करावे. रागाच्या भरात चॅट पुसून टाकले तर पुरावाही जातो. मुलाचा तो फोटो मात्र सल्ला विचारण्यासाठी म्हणूनही काका, मामा, वकील, कुणालाच पाठवू नये: १८ वर्षांखालील मुलाचे असे चित्र पुढे पाठवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पोलिसांना फोन तसाच दाखवावा.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘आमच्या हद्दीत नाही’ या कारणाने ती नाकारता येत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. ठाण्यात जाण्याआधी हे ठाऊक असले म्हणजे तसे मागता येते. काय करावे सुचत नसेल तर १०९८ या बालमदत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते, आणि तो मूल स्वतःही लावू शकते. हा क्रमांक मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून द्यावा, फोनमध्ये नव्हे.

चित्र पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा आहे. अमेरिकेतील बेपत्ता व शोषित मुलांसाठीची राष्ट्रीय संस्था ती चालवते आणि ती भारतातूनही वापरता येते. चित्र फोनमधून बाहेर जात नाही. त्यावरून तयार झालेला एक सांकेतिक क्रमांक तेवढा पाठवला जातो, आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांसारखे मंच त्यावरून ते चित्र ओळखून काढून टाकतात. व्हॉट्सॲपच्या खासगी संदेशांत मात्र हा उपाय चालत नाही.

नंतरचे काही आठवडे मूल झोपत नाही, शाळेत जायला नको म्हणते, फोनची घंटा वाजली तरी दचकते. वर्गशिक्षकांना जरुरीपुरतेच सांगावे आणि वर्गात कुणी विषय काढल्यास काय करायचे, हे त्यांच्याशी ठरवून घ्यावे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही समुपदेशन मिळते. तक्रारीची पोच आणि तिचा क्रमांक घरात जपून ठेवावा, कारण फोन पुराव्यासाठी पोलिसांनी ठेवून घेतला असेल तर तो परत मिळवताना आणि पुढची चौकशी करताना तोच दाखवावा लागतो.